मूठ पुढे

काकूच्या टेबलावर एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. सुरी दुसऱ्याला द्यायची तर पातं आपल्याकडे, मूठ त्याच्याकडे. गप्पा मारा, गाणी म्हणा, सासूच्या नावाने बोटं मोडा, काकूचं काही म्हणणं नसे. पण सुरी पात्याकडून पुढे केलीत की संपलंच. तिच्या हातातल्या लाकडी डावाचा दांडा बोटांच्या पेरांवर असा बसायचा, की दुपारी घास उचलताना आठवण यावी.

स्वयंपाकघर एका मोठ्या इस्पितळाचं. वरच्या मजल्यांवर रोगी, तळघरात ही सगळी मंडळी, आणि मधल्या जिन्यात कायमचा कांद्याचा वास. भाजी चिरायच्या लांब टेबलाशी बायका उभ्या राहायच्या आणि काकू त्यांची मुकादम. खरं तर ती एकाच मुलीची काकू. पण ती मुलगी कामाला लागली, दिवसभर काकू काकू करत फिरायला लागली, आणि बघता बघता बाई सगळ्यांचीच काकू होऊन बसली. मुख्य आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, तो वयाने मोठा असून तिला काकूच म्हणायचा. नाकावर माशी बसू न देणारी बाई. मनाने वाईट नव्हती हो. पण आपल्याइतकं नीट कुणाला काही जमत नाही, हे तिचं मत पक्कं होतं. आणि बहुतेक वेळा ते खरंही निघायचं, हेच वाईट झालं.

ती मुलगी म्हणजे तिच्या धाकट्या दिराची लेक. घरातलं नाव घरात राहिलं. टेबलावर तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही. पहिल्याच दिवशी तिने सुरी पात्याकडून पुढे केली आणि दांडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ला. मग काकूने तिच्याशी एक खेळच सुरू केला. पोरीचं लक्ष नसताना मध्येच हात पुढे करायची आणि म्हणायची, "आण इकडे." भिंगरीने हातातली सुरी तिथल्या तिथे फिरवून मूठ काकूच्या तळव्यात ठेवायची. सुरुवातीला चुकायची, हसायची, जीभ चावायची. पुढे पुढे असं झालं, की डोळे गाजरावर, तोंड शेजारणीशी बोलण्यात गुंतलेलं, आणि काकूचा हात पुढे आला रे आला की मूठ बरोबर तळव्यात. पोरीला आपण काय केलं हे कळायचंसुद्धा नाही. नव्या बायका आल्या की काकू मुद्दाम तिला उभी करायची आणि म्हणायची, "बघा. याला म्हणतात वळण."

वळण तर लागलंच होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती वाईट खोडीबद्दल. चांगल्या खोडीचं काय होतं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

तर भिंगरीची पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची, काकूची तिच्यानंतर तासाभराने. बसथांब्यापासून इस्पितळाच्या मागच्या फाटकापर्यंत एक बोळ होता. एका बाजूला बंद पडलेल्या गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला पत्रा. त्या बोळात एक माणूस उभा राहायला लागला. गळ्यात मफलर, तोंडात काडी. आधी नुसती शीळ घालायचा. मग बरोबरीने चालायला लागला. मग एकदा त्याने भिंगरीच्या पिशवीचा बंद धरला आणि सोडेचना. हसत उभा राहिला. मागून दुधाची गाडी आली म्हणून सोडला.

भिंगरीने हे एकट्या काकूला सांगितलं. कोठारात, बटाट्याच्या पोत्यांमागे.

"घरी बोलू नकोस हं काकू. बाबांना कळलं तर उद्यापासून काम बंद."

"नाही बोलत. पण तू रडतेस कशाला?"

"रडत नाही. कांदा चिरून आलेय."

आता काकूने काय करायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. एक तास आधी उठायचं आणि पोरीबरोबर यायचं. नाहीतर वस्तादाला सांगून तिची पाळी बदलून घ्यायची. तेही नको तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणायचं, बाबा रे, सकाळी जरा बोळाच्या तोंडाशी उभा राहत जा. यातलं काहीही अवघड नव्हतं. पण पहाटे काकूचे गुडघे धरायचे आणि अंथरूण सोडवत नसे. आणि वस्तादाकडे काय, पहारेकऱ्याकडे काय, शब्द टाकावा लागला असता. काकूला शब्द ऐकवायची सवय होती, टाकायची नव्हती.

तिला एकच गोष्ट येत होती, आणि ज्याला जे येतं त्याला तेच सुचतं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "दिवसभर तुझ्या हातात सुरी असते. मग रस्त्यावरच रिकामे हात कशाला?"

दुपारी टेबल पुसून झाल्यावर तिने सगळ्या सुऱ्या मांडल्या आणि पोरीला निवडायला सांगितलं. भिंगरीने अर्थातच कोबी चिरायची मोठी उचलली.

"ठेव ती. ही पिशवीतून बाहेर काढेपर्यंत तो माणूस चहा पिऊन परत येईल."

"मग ही?" भिंगरीने पावाची दातेरी सुरी दाखवली.

"हिने काय त्याचा पाव कापणार आहेस?"

पोरगी हसली. कितीतरी दिवसांनी हसली आणि काकूला फार बरं वाटलं. शेवटी तिने स्वतःच्या कप्प्यातून आपली लहान सुरी काढली. सालं काढायची. धार लावून लावून पातं अर्ध्यावर आलेलं, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली, कारण लाकूड एकदा चिरलं होतं. इस्पितळाची नव्हे, तिची स्वतःची. ती कुणाला हात लावू द्यायची नाही. पुठ्ठा आणि चिकटपट्टीचं म्यान करून तिने ती पोरीच्या हातात दिली. अर्थात मूठ पुढे करून.

मग कोठारात शिकवणी सुरू झाली. सगळ्यांची पाठ वळली की दोघी आत. काकू दाराशी उलट्या टोपलीवर बसायची आणि हुकूम सोडायची. पिशवीत चाचपडायचं नाही, कोटाच्या खिशात ठेवायची. हात लांब फेकायचा नाही, कोपर अंगाशी धर. पाय असे उभे कर की धक्का लागला तरी पडणार नाहीस. आणि आधी ओरडायचं, घसा फुटेपर्यंत. सुरी दाखवायला असते, मारायला नाही. बटाट्याचं पोतं म्हणजे मफलरवाला. भिंगरी पोत्याला सुरीचं टोक टेकवून ओरडायची आणि काकू म्हणायची, "असं लाजत काय ओरडतेस? तो तुला बघायला आलाय का?" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बोळातून जायचं होतं पोरीला, आणि ऐट चढली होती काकूला. तिला ते आवडत होतं. ही गोष्ट तिने पुढे स्वतःशी कबूल केली, तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

शिकवणी झाली की काकू गुडघ्यावर हात टेकून उठायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, "बास आजच्यापुरतं. आण इकडे." सुरी फिरायची, मूठ तिच्या तळव्यात यायची. ती धार बघायची, पुसायची, म्यानात घालून परत द्यायची. रोज शेवट हाच.

सुरी कुणी मागितली तर द्यायची नाही, हे मात्र तिने शिकवलं नाही. ते काय शिकवायचं असतं?

ज्या पहाटे ते घडलं, तेव्हा काकू घरी दुसरा चहा पीत होती. ती कामावर पोचली तर मागच्या फाटकापासून टेबलापर्यंत फरशीवर रक्ताचे थेंब, आणि बायका भिंतीला टेकून उभ्या. पोरगी धावत खालीच आली होती, आपल्या टेबलाशी. तिथून तिला वर नेलं. डाव्या तळहातावर आडवी जखम होती. खोल होती.

वर वॉर्डात टाके पडल्यावर दोघी एकट्या राहिल्या, तेव्हा भिंगरी छताकडे बघत बोलली.

"काकू, मी सगळं बरोबर केलं. ओरडले. सुरी काढली. कोपर अंगाशी धरलं. तो थांबला गं. घाबरला होता."

"मग?"

"मग त्याने हात पुढे केला. म्हणाला, आण इकडे. आणि मी दिली."

"म्हणजे त्याने हिसकावली."

"नाही. मी दिली. फिरवून, मूठ पुढे करून दिली. तोसुद्धा बघतच राहिला. मग मी पुन्हा ओरडायला लागले आणि त्याने वार केला, मी हात मध्ये घातला. काकू, मी अशी कशी? कुणी असं करतं का?"

काकूला तिथेच सगळं कळलं होतं. पोरीला कळलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. लाकडी दांडा, गाजराचं टेबल, कोठारातला रोजचा शेवट, सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. बाळे, ते तू नाही केलंस, ते मी केलं.

ती म्हणाली, "हे माझ्याजवळ बोललीस तेवढं पुरे. कुणी विचारलं तर सांग, सुरी त्याचीच होती."

"का?"

"लोक तुलाच हसतील."

हे काही खोटं नव्हतं. लोक हसलेच असते. पण खरं कारण ते नव्हतं, आणि हे दोघींपैकी एकीला चांगलंच ठाऊक होतं.

मफलरवाला लवकरच सापडला. सुरी त्याने कुठे फेकली ती मिळाली नाही. पोलिसांसमोर तो पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिला, सुरी माझी नाही, तिची होती, तिनेच माझ्या हातात दिली. हे ऐकून पोलीस हसले, पहारेकरी हसला, तळघरात तर हसून हसून बायकांची पोटं दुखली. "चोराच्या उलट्या बोंबा," वस्ताद म्हणाला, "म्हणे पोरीने स्वतःहून दिली." काकूही हसली. सगळे हसत असताना एकटी गप्प कशी राहणार? तो माणूस नालायक होता, त्याला झाली ती शिक्षा योग्यच झाली, यात शंका नाही. पण सगळ्या प्रकरणात एकच खरं वाक्य बोललं गेलं, ते त्याच्या तोंडून, आणि काकू त्यावर हसली.

जखम भरली. डाव्या हाताची मधली दोन बोटं मात्र पुन्हा नीट वाकली नाहीत. दुसऱ्या कामात हे चालून गेलं असतं. चिरायच्या टेबलावर नाही चालत. डाव्या हाताने भाजी धरायची ती बोटांची टोकं आत वळवून, म्हणजे सुरी नखांवर येत नाही; हेही काकूनेच शिकवलेलं. भिंगरीची बोटं आत वळेनात. काम सुटलं. पण काम सुटलं त्याहून वाईट म्हणजे पोरीने घराबाहेर पडणं सोडलं.

धाकटी जाऊ, म्हणजे पोरीची आई, सांगायला यायची आणि काकूच्या दारात बसून डोळे पुसायची.

"वहिनी, ती दुकानातसुद्धा जात नाही हो. म्हणते मला अक्कल नाही, मी कुठेही काहीही करून बसेन. काल तिचा भाऊ म्हणाला, चल, मी येतो सोबत, तर म्हणते, माझ्यावर भरवसा ठेवू नका. आता हल्ला झाला यात हिचा काय दोष? का म्हणते ती असं?"

"भीती बसलीय," काकू म्हणाली. "जाईल हळूहळू."

"तुमच्याशी काही बोलली का?"

"नाही गं."

खाई त्याला खवखवे. काकूला जेवण गोड लागेना. टेबलावर तिचा आवाज बसला. नवी बाई सुरी पात्याकडून पुढे करायची आणि काकू बघून न बघितल्यासारखं करायची. कुणी मूठ पुढे करून दिली तर मागे सरकायची आणि म्हणायची, "खाली ठेव. मी उचलते." बायका एकमेकींकडे बघायच्या. लाकडी डाव तिने भांड्यांच्या ढिगात तळाशी ढकलला होता. एकदा वस्तादाने सहज विचारलं, "काकू, तुझी ती तारेची सुरी दिसत नाही हल्ली?"

"हरवली."

"तुझी? तुझी वस्तू हरवायला तू काय आमच्यासारखी आहेस?"

तो चेष्टेने बोलला. काकू उठून कोठारात गेली आणि बटाट्याच्या पोत्यावर बसून राहिली. पोत्याला समोरच्या बाजूला भोकं पडली होती, भिंगरीच्या सरावाची. तिथून एक बटाटा डोकावत होता. तो तिने आत ढकलला, तर तो पुन्हा बाहेर आला. त्या बटाट्याचा तिला इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं.

सुट्टीच्या दिवशी ती नेहमीसारखी पुन्हा दिराच्या घरी गेली. आज सांगायचंच, असं वाटेत स्वतःला बजावत गेली. दीर बाहेर गेला होता. जावेने चहा केला. काकूने चहा घेतला, पडद्याच्या रंगाची चौकशी केली, शेजारच्यांच्या कुत्र्याची चौकशी केली, जिभेवर आलेलं पुन्हा गिळलं. भिंगरी समोर बसली होती, शाल ओढून, कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी. जावेने बशीत एक सफरचंद आणि सुरी आणून ठेवली.

"चिर गं काकूला. तेवढाच हाताला व्यायाम."

भिंगरीने सफरचंद डाव्या हातात धरलं. बोटं वाकत नव्हती, ते निसटत होतं. तिने पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं आणि पातं अंगठ्याच्या जवळून गेलं. काकूला बघवेना. काही ठरवून नाही, विचार करून नाही, ज्या हाताने जन्मभर केलं त्याच हाताने तिने तळवा पुढे केला.

"आण इकडे."

सुरी फिरली. मान वर न करता, सफरचंदावरची नजर न काढता, भिंगरीने मूठ काकूच्या तळव्यात ठेवली.

काकूची बोटं मुठीवर मिटली नाहीत. भिंगरीने हळूहळू वर पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं. पात्याची मागची कड तिच्याच चिमटीत होती. ती त्या हाताकडे अशी बघत राहिली जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"काकू," ती म्हणाली, "अशीच दिली मी त्याला."

जाऊ म्हणाली, "कुणाला? काय दिलं?"

"सुरी," काकू म्हणाली. आता तोंड उघडलं होतं. "त्या माणसाला. तो खरं बोलत होता. सुरी हिनेच दिली त्याला. हिने म्हणजे मीच दिली. दांडा मारून मारून मी हिला शिकवलं, हात पुढे आला की मूठ द्यायची. आणि सुरीही माझीच होती. बोळातून नीट ये म्हणून मी हिच्या खिशात घातली. सोबत यायचा कंटाळा केला मी."

जावेचा हात कपावरच राहिला. रागाने बोलली असती तर काकूला बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी वेडी नव्हते," भिंगरी म्हणाली.

"नव्हतीस बाळा. तू जगातली सगळ्यात शहाणी..."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

काकूला एक खोटं सुचलं. अगदी तयार होतं, ओठांवरच होतं. आत्ता, तुझा हात बघितला तेव्हा.

"वॉर्डात तू सांगितलंस तेव्हापासून," ती म्हणाली.

भिंगरीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "मला रोज वाटायचं माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली. "रोज. आणि तू इथे येऊन चहा पिऊन जायचीस."

काकूचा तळवा अजून पुढेच होता, मूठ त्यावर टेकलेली. ती म्हणाली, "दे बाळा. मी चिरून देते."

"नाही," भिंगरी म्हणाली.

तिने सुरी मागे घेतली. काकूच्या तळव्यावरून मूठ उचलली गेली, आणि हात पुढे असतानाही पोरीने ती परत घेतली, असं पहिल्यांदाच झालं. मग ती वाकडी बोटं सफरचंदावर आवळून चिरायला बसली. वेळ लागला. फोडी वेड्यावाकड्या झाल्या, एक जाड, एक पापुद्र्यासारखी. टेबलावर असत्या तर काकूने परत फेकल्या असत्या. एक फोड तिने आईला दिली, एक काकूच्या बशीत ठेवली, आणि सुरी आपल्या मांडीजवळ ओढून घेतली.

काकूने ती फोड खाल्ली. खाली मान घालून, सगळी खाल्ली. मग ती जायला उठली, तेव्हा दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही.